मांडणीतली रिकामी जागा

ज्या घरात दहावीचे वर्ष असते त्या घरात एक तक्ता हमखास भिंतीवर चिकटवलेला असतो. कधी अभ्यासाच्या टेबलासमोर, कधी कपाटाच्या दारावर. रंगीत चौकोनांचा, मधे खोलगट आणि दोन्ही कडांना बुरूज असलेल्या किल्ल्यासारखा दिसणारा. प्रत्येक चौकोनात एक-दोन अक्षरे आणि बारीक आकडे. ‘हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम...’ अशी घोकंपट्टी सुरू झाली की आजी विचारते, ‘काय रे, कसलं स्तोत्र म्हणतोयस?’ आणि नातू वैतागून सांगतो, ‘आवर्तसारणी गं. पाठ नाही केली तर मार्क जातात.’

त्या बिचाऱ्याला कुणी सांगत नाही की, ज्या माणसाने हा तक्ता मांडला त्याने तो विद्यार्थ्यांचे पाठांतराचे ओझे कमी व्हावे म्हणूनच मांडायला घेतला होता. आणि हेही कुणी सांगत नाही की, त्या पहिल्या तक्त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यात सोडलेल्या मोकळ्या जागा.

जुन्या स्वयंपाकघरांत भिंतीला मांडणी असे. तिच्यावर पितळी डबे उतरत्या क्रमाने लावलेले. दिवाळीत त्यांतला एखादा फराळ भरून शेजारी जाई आणि लवकर परत येत नसे. पण घरची बाई त्या जागी दुसरे भांडे ठेवत नसे. अलीकडचा डबा मोठा, पलीकडचा लहान, तेव्हा गेलेला केवढा असेल हे कुणीही पाहुणा सांगू शकला असता. रसायनशास्त्राच्या इतिहासातले एक मोठे धाडस असेच होते. फरक इतकाच की, इथे गेलेला डबा कुणी कधी पाहिलेलाच नव्हता.

मूलद्रव्य म्हणजे ज्याचे रासायनिक क्रियेने आणखी साध्या पदार्थांत विभाजन करता येत नाही असा पदार्थ. ही व्याख्या आज शाळेत पहिल्याच धड्यात येते; पण ती पक्की व्हायला अठरावे शतक संपत यावे लागले. फ्रान्सच्या लाव्हॉजिएने १७८९ साली आपल्या ग्रंथात अशा ३३ पदार्थांची यादी दिली. तीत प्राणवायू, गंधक, सोने, पारा होते; तसेच प्रकाश आणि उष्णताही होती. चुनाही होता, कारण तो फोडण्याची युक्ती तेव्हा कुणाजवळ नव्हती. पाच वर्षांनी राज्यक्रांतीच्या धुमश्चक्रीत लाव्हॉजिएचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. यादी मात्र वाढत राहिली. इंग्लंडमध्ये हंफ्रे डेव्हीने विजेचा प्रवाह वापरून १८०७-०८ या दोन वर्षांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशी अर्धा डझन मूलद्रव्ये वेगळी केली. पुढे जर्मनीत बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी ज्योतीच्या रंगांतल्या रेषा वाचण्याचे तंत्र काढले आणि सीझियम, रुबिडियम सापडली. वाणसामानाची पोती येत होती, पण घरात फडताळ नव्हते.

कुटुंबे असावीत असा संशय मात्र लवकर आला होता. जर्मनीच्या डोबेरायनरने तीन-तीनची त्रिके शोधली. लिथियम, सोडियम, पोटॅशियम ही तिन्ही मऊ आणि पाण्यात टाकली की खवळणारी. त्यांचे अणुभार ७, २३ आणि ३९. पहिला आणि तिसरा मिळवून निम्मे केले की नेमका मधला येतो! क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचेही तसेच. पण सगळी मूलद्रव्ये अशी तिघा-तिघांत बसेनात.

त्यातून खरी पंचाईत वेगळीच होती. अणुभारांवरच एकमत नव्हते. कुणी प्राणवायूचा अणुभार ८ धरी, कुणी १६. पाण्याचे सूत्र कसे लिहायचे यावरही वाद. व्हिनेगारमधल्या साध्या आम्लाची वेगवेगळी १९ सूत्रे केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ओळीने छापली, यावरून गोंधळाची कल्पना यावी. ज्या मापाने माल मोजायचा ती मापेच गावोगाव वेगळी, तर हिशेब जुळणार कसा? हा तिढा सोडवायला सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी युरोपातले रसायनज्ञ जमले. तीन दिवसांच्या चर्चेतून ठराव असा काही निघाला नाही. पण इटलीच्या कॅनिझारोने अणुभार कसे काढावेत हे आधीच एका पुस्तिकेत सांगितले होते. परिषद संपताना तिच्या प्रती वाटल्या गेल्या आणि मंडळी त्या घेऊन घरोघरी परतली. त्या मंडळींत दोन तरुण होते. जर्मनीचा लोथर मायर तिशीतला, आणि रशियाचा दिमित्री मेंडेलीव्ह सव्वीस वर्षांचा.

या मेंडेलीव्हची कथा त्याच्या आईपासून सुरू करावी लागते. सायबेरियातले तोबोल्स्क हे त्याचे गाव. जन्म १८३४ चा, मोठ्या कुटुंबातले शेंडेफळ. वडील शाळेचे संचालक होते, पण त्याच्या जन्माच्याच सुमारास त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही. आई मारियाने माहेरचा बंद पडलेला काचकारखाना चालवायला घेतला आणि संसार ओढला. १८४७ साली नवरा वारला, पुढच्याच वर्षी कारखाना जळाला. धाकट्याला शिकवायचेच, या हट्टाने ही पन्नाशी ओलांडलेली बाई १८४९ साली दोन लहान मुलांना घेऊन निघाली. मॉस्कोपर्यंतचा रस्ता दोन हजारांहून अधिक किलोमीटरांचा, आणि तिथवर आगगाडी नव्हती. मॉस्कोच्या विद्यापीठाने सायबेरियाचा मुलगा म्हणून दार लावले. ती तशीच पुढे सेंट पीटर्सबर्गला गेली. तिथल्या शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेत १८५० साली मुलाला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी मारियाने डोळे मिटले. पुढे १८८७ साली, नाव झाल्यावर, मेंडेलीव्हने द्रावणांवरचा आपला ग्रंथ आईला अर्पण केला.

मधल्या काळात इतरांचेही प्रयत्न चालूच होते. फ्रान्सच्या शांकूर्तुआ नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६२ साली मूलद्रव्ये एका नळकांड्यावर मळसूत्रासारखी चढत लिहिली. एकमेकांच्या डोक्यावर येणारी मूलद्रव्ये सारख्या स्वभावाची निघाली. कल्पना उत्तम, पण निबंध छापताना आकृतीच वगळली गेली! आकृतीविना तो मजकूर वाचणाऱ्याला काय कळणार?

इंग्लंडच्या जॉन न्यूलँड्सचे दुर्दैव याहून बोचरे. त्याने मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली आणि पाहिले की कुठल्याही मूलद्रव्यापासून आठवे त्याच्यासारखे वागते. लिथियमपासून आठवे सोडियम, सोडियमपासून आठवे पोटॅशियम. आपल्या सप्तकात ‘सा’पासून निघून ‘नी’ ओलांडला की पुन्हा वरचा ‘सा’ यावा तसे. त्याने याला ‘अष्टकांचा नियम’ म्हटले. १ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने तो वाचला. तेव्हा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फॉस्टर यांनी विचारले, की मूलद्रव्ये इंग्रजी वर्णाक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलीत का? सभेत हशा पिकवणारा हा प्रश्न न्यूलँड्सच्या नावाला कायमचा चिकटला. सोसायटीने त्याचा निबंध छापलाही नाही.

फॉस्टरला आज सगळे नावे ठेवतात; पण न्यूलँड्सच्या तक्त्यात खोट होती हेही खरे. त्याने एकही घर रिकामे ठेवले नव्हते. त्यामुळे पुढेपुढे एकाच घरात दोन-दोन मूलद्रव्ये कोंबावी लागली, आणि प्राणवायू व गंधक यांच्या पंगतीत लोखंड जाऊन बसले. हळहळ याची वाटते की, याच न्यूलँड्सने १८६४ साली सिलिकॉन आणि कथील यांच्या मधे सुमारे ७३ अणुभाराचे एक मूलद्रव्य असावे असे लिहून ठेवले होते. दाराच्या कडीवर हात होता. नंतर तक्ता देखणा भरलेला दिसावा या मोहात तो हात मागे आला.

१८६७ साली मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना देण्याजोगे रशियन पुस्तक नव्हते, म्हणून स्वतःच लिहायला बसला. पहिला भाग क्लोरीनच्या कुटुंबापाशी संपला, दुसरा सोडियमच्या कुटुंबाने सुरू करायचा होता. पुढे काय घ्यायचे? माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये कुठल्या क्रमाने शिकवायची? पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या कुठल्याही मास्तराला पडणारा हा प्रश्न. रशियन पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९ (आपल्या कॅलेंडरात १ मार्च) या दिवशी त्याला खरे तर बाहेरगावी, सहकारी दुग्धशाळांतले चीज कसे बनते ते पाहायला जायचे होते. त्या दौऱ्यासंबंधीच्या पत्राच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्याने अणुभारांची आकडेमोड केली. तो कागद अजून जपलेला आहे. त्यावर कपाच्या बुडाचा गोल डागही आहे. पुढची कहाणी रंगवून सांगितली जाते. कार्डांवर मूलद्रव्ये लिहून त्याने पत्त्यांचा डाव मांडला म्हणतात, आणि शेवटी तक्ता स्वप्नात दिसला म्हणतात. स्वप्नाच्या गोष्टीवर इतिहासकारांचा फारसा विश्वास नाही, आणि मलाही ती पटत नाही. कित्येक वर्षे अणुभार डोक्यात घोळवणाऱ्या माणसाला स्वप्न पडले असेलही. पण त्याची मजुरी जागेपणीच झालेली होती.

काही दिवसांनी रशियन केमिकल सोसायटीत हा तक्ता मांडला गेला, तोही मेंडेलीव्हने नव्हे. तो दौऱ्यावर होता; त्याच्या सहकाऱ्याने, मेन्शुटकिनने, निबंध वाचला. त्या पहिल्या छापील तक्त्यात चार ठिकाणी मूलद्रव्याच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आणि पुढे अणुभार होता : ४५, ६८, ७० आणि १८०.

या चार प्रश्नचिन्हांमागे एक हट्ट होता. मूलद्रव्याचा स्वभाव आणि त्याचा अणुभार यांत विसंवाद दिसला तर मेंडेलीव्ह स्वभावाचा कौल घेई. बेरिलियमचा अणुभार तेव्हा १४ च्या आसपास मानत. तो चूक आहे, सुमारे ९ असला पाहिजे, असे तो म्हणाला. युरेनियमचा त्याने १२० वरून थेट दुप्पट केला. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही त्याने त्याला आयोडीनच्या आधी बसवले, कारण आयोडीनचे गोत्र उघडच क्लोरीनचे. लोथर मायरजवळही जवळपास असाच तक्ता होता आणि काही बाबतींत तो अधिक नेटका होता. पण इतक्या कच्च्या पायावर मान्य अणुभार बदलणे घाईचे होईल, असे मायरने १८७० साली लिहिले. जबाबदार शास्त्रज्ञाने असेच लिहावे. मेंडेलीव्ह मात्र १८७१ साली आणखी पुढे गेला. तीन रिकाम्या जागांतल्या अनोळखी मूलद्रव्यांचे अणुभार, घनता, त्यांच्या संयुगांचे गुण, हे सारे त्याने पत्रिका मांडावी तसे लिहून काढले.

आणि त्यांना नावे दिली संस्कृत! ॲल्युमिनियमच्या पुढच्या घरातले ते ‘एका-ॲल्युमिनियम’, तसेच एका-बोरॉन आणि एका-सिलिकॉन. हा ‘एका’ म्हणजे आपला ‘एक’. आणखी पुढच्या घरांसाठी त्याने ‘द्वि’ आणि ‘त्रि’ही वापरले. संस्कृतच का, यावर तर्क चालतात. त्या काळी सेंट पीटर्सबर्गची अकादमी संस्कृतच्या अभ्यासाचे मोठे केंद्र होती. पाणिनीचे व्याकरण युरोपात छापणारा बोटलिंक तिथलाच, आणि त्याचा रोथबरोबरचा प्रचंड संस्कृत-जर्मन कोश तेव्हा खंडाखंडाने प्रसिद्ध होत होता. पाणिनीच्या वर्णमालेची आखणी मेंडेलीव्हच्या मनात असावी असे काही अभ्यासकांना वाटते. क, ख, ग, घ, ङ अशा ओळी आणि उभ्या रांगांतले साम्य पाहिले की कल्पना मोहक वाटते खरी. पण तिला अंदाजापलीकडे नेऊ नये.

१८७५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या लकॉक द बुआबोद्राँला पिरेनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजात नव्या रेषा दिसल्या. नवे मूलद्रव्य! त्याने नाव ठेवले गॅलियम. तळहातावर ठेवले तर वितळेल असा हा धातू. ३० अंशांखालीच पाघळतो. मेंडेलीव्हने कळवले, हे माझे एका-ॲल्युमिनियम. बुआबोद्राँने घनता ४.७ काढली होती. मेंडेलीव्हने उलट लिहिले की ती ५.९ च्या आसपास यायला हवी, तुमचा नमुना शुद्ध नसावा. ज्याने गॅलियमचा कणही पाहिला नव्हता त्याने ते शोधणाऱ्याला असे सांगावे! बुआबोद्राँने धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजला. घनता आली ५.९.

१८७९ साली स्वीडनच्या निल्सनला स्कँडियम मिळाले, तेच एका-बोरॉन. मग १८८६ साली जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीतले एक चांदीचे खनिज विंकलरच्या हाती आले. त्याने पृथक्करण केले, सगळे घटक मिळवले, तरी बेरीज शंभराला पोचेना. सुमारे ७ टक्के माल कुठे तरी गळत होता. चिकाटीने शोधल्यावर जर्मेनियम निघाले. मेंडेलीव्हने भाकीत केले होते अणुभार ७२, घनता ५.५, क्लोराइड १०० अंशांच्या आत उकळणारे. मिळाले अणुभार ७२.३, घनता ५.४७, क्लोराइड ८६ अंशांना उकळणारे. गंमत म्हणजे हे एका-सिलिकॉन आहे हे इतरांनी आधी ओळखले. खुद्द मेंडेलीव्हला प्रथम ते दुसऱ्याच रिकाम्या घराचे वाटले होते.

यानंतर शंका उरली नाही. रॉयल सोसायटीने १८८२ साली मेंडेलीव्ह आणि मायर या दोघांना डेव्ही पदक दिले. न्यूलँड्सलाही ते मिळाले, पण १८८७ साली. हसण्याला एकवीस वर्षे झाल्यावर.

मेंडेलीव्ह द्रष्टा होता असे म्हणून थांबणे सोपे आहे, पण ते पुरे होणार नाही. त्याची अनेक भाकिते साफ चुकली. हायड्रोजनहूनही हलके मूलद्रव्य असले पाहिजे असे तो उतारवयात सांगत राहिला. आणि एक अख्खी उभी रांग त्याच्या नजरेतून सुटली. ती राजवायूंची. १८९५ साली रॅले आणि विल्यम रॅम्से यांनी हवेतला आर्गॉन जाहीर केला. तो कुठल्याच घरात बसेना, तेव्हा हा मुळी नवा वायू नसून नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असावा, असे मेंडेलीव्ह म्हणाला. ज्याने दुसऱ्यांना जागा सोडायला शिकवले त्याला स्वतःच्या मांडणीत नवी रांग घालवेना.

त्याच वर्षी रॅम्सेला एका युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळाला. हेलियमची कोकणात एक कथा सांगतात, ती दुरुस्त करायला हवी. हेलियमची पिवळी रेषा लॉकियरने विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून पाहिली, असे अनेक जण अभिमानाने सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात भारतात आला होता फ्रान्सचा जान्सेन, आणि तो होता आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरने ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये अभ्यासली. तो विजयदुर्गाला आला हे खरेच. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे होत आली होती.

आपल्याशी खरे नाते आहे ते दुसरीकडे. हेलियमचा अणुभार ४, आर्गॉनचा ४०. मधे सुमारे २० चा एक वायू हवाच, हे रॅम्सेने मेंडेलीव्हच्याच रीतीने ताडले. १८९८ साली त्याने मॉरिस ट्रॅव्हर्सच्या साथीने द्रव हवेतून निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन वेगळे केले. पुढे जमशेटजी टाटांच्या विज्ञानसंस्थेच्या योजनेसाठी रॅम्से भारतात पाहणी करून गेला. संस्था बंगळूरला असावी ही त्याचीच शिफारस. आणि तिचा पहिला संचालक म्हणून आला तो हा ट्रॅव्हर्स. आज आपण जिला ‘आयआयएस्सी’ म्हणतो तीच ही संस्था.

१९०६ साली नोबेलच्या रसायन समितीतले बहुमत मेंडेलीव्हच्या बाजूचे होते. रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमीने ते डावलून फ्रान्सच्या मॉयसाँला पारितोषिक दिले. २ फेब्रुवारी १९०७ रोजी मेंडेलीव्ह वारला.

टेल्युरियम आणि आयोडीनचे कोडे त्याला शेवटपर्यंत सुटले नाही. टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला आहे, असे तो म्हणत राहिला. मापन बरोबर होते. चुकीचा होता तो अणुभाराने क्रम लावण्याचा आधारच. हे दाखवले हेन्री मोस्ले नावाच्या तरुण इंग्रजाने. १९१३-१४ साली त्याने मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांत एकेका पायरीने चढणारा क्रम होता. प्रत्येक मूलद्रव्याला अणुगर्भातल्या धनभाराचा एक पूर्णांक असतो, तोच त्याचा अणुअंक. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. मेंडेलीव्हने गोत्र पाहून लावलेला क्रमच योग्य ठरला. आता रिकाम्या जागा कुठे आहेत हेही बोट ठेवून सांगता येऊ लागले : ४३, ६१, ७५. महायुद्ध सुरू होताच मोस्ले सैन्यात गेला. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर गोळी लागून तो पडला. वय २७.

त्या तिघांपैकी ४३ हा मेंडेलीव्हचा एका-मँगेनीज. कित्येकांनी तो सापडल्याचे दावे केले आणि ते सगळे फसले, कारण पृथ्वीच्या खडकांत तो जवळजवळ नाहीच. तो किरणोत्सारी आहे. पृथ्वीच्या जन्मावेळी जो असेल तो कधीच विरून गेला. १९३७ साली इटलीत पेरिये आणि सेग्रे यांना तो मिळाला, अमेरिकेतल्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या एका पत्र्यात. माणसाने घडवलेले हे पहिले मूलद्रव्य, म्हणून त्याचे नाव टेक्निशियम. आज मोठ्या रुग्णालयात हाडांचा किंवा हृदयाचा स्कॅन करताना जे किरणोत्सारी इंजेक्शन देतात त्यात बहुधा हेच असते. सहा तासांत त्याची निम्मी मात्रा उरते आणि तपासणी झालेला माणूस घरी जातो.

२०१६ साली निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसन या चौघांचे बारसे झाले आणि सातवी ओळ भरली. भिंतीवरच्या तक्त्यात आज ११८ घरे आहेत आणि एकही मोकळे नाही. जपानमध्ये आणि इतरत्र आता ११९ व्या मूलद्रव्याच्या निर्मितीसाठी प्रयोग चालू आहेत. ते अजून कुणी पाहिलेले नाही. त्याची जागा आठव्या ओळीच्या सुरुवातीला, सोडियम-पोटॅशियमच्या रांगेत, फ्रान्सियमच्या खाली. शास्त्रज्ञ आपसात बोलताना त्याला एका-फ्रान्सियम म्हणतात.